धाकटी

चष्म्याच्या दुकानासमोर शिडी लावली होती आणि शिडीवरचा माणूस हसत होता, पण आवाज येत नव्हता. नुसते खांदे हलत होते. दुकानदार खालून काहीतरी गमतीचं बोलला असावा. ती पदपथावर चालता चालता थांबली. मागून येणारी एक बाई तिच्यावर आदळली, "अहो, असं मध्येच काय उभं राहता!" म्हणाली आणि तोंड वाकडं करून पुढे गेली. तिला ते ऐकू आलं आणि आलं नाही. असं बिनआवाजाचं हसणारा माणूस तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता. त्याला वीसएक वर्षं झाली असतील. तेव्हा त्याच्या अंगात दवाखान्याचा सैल निळा सदरा होता, दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता आणि नखांच्या कडांना न निघणारा रंग होता. आता केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण खांदे तेच. तो दुकानाच्या नावातलं शेवटचं अक्षर रंगवत होता. इतकी वर्षं एखाद्या उदास दुपारी, कचेरीच्या खिडकीशी उभं राहून तिनं ज्याची आठवण काढली होती, तो माणूस हातभर उंचीवर, उन्हात, कुंचला फिरवत होता. आपल्या पोटात एकदा कोण जाऊन आलं हे त्याला आठवत तरी असेल का, असं तिला वाटलं.

जाऊन आली होती ती धाकटी, तिनं बनवलेलं औषध. हे नाव वहिनींनी ठेवलेलं. वहिनी म्हणजे तिच्या नात्यातल्या नव्हेत. दोघी ज्या औषधाच्या कंपनीत होत्या, तिथल्याच भांडारात त्यांचा दीर होता, तो "वहिनी" म्हणून हाक मारायचा, म्हणून मग सगळेच मारायला लागले, अगदी त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. ती स्वतः रसायनाच्या खोलीत रेणू बनवायची आणि वहिनी दोन दारं पलीकडे, एन्झाइमच्या खोलीत, ते तपासायच्या. आता ती ज्या कचेरीत जाते तिथे औषधाच्या पाकिटातल्या घडीच्या कागदावरचा मजकूर वाचावा लागतो. 'चक्कर येऊ शकते' की 'चक्कर येण्याची शक्यता आहे', यावर तासन्‌तास चर्चा चालते. कुठे कसला वास नाही, हाताला डाग नाही, खिडक्या उघडत नाहीत. तेव्हा मात्र घरी गेलं की आई दारातच नाक दाबायची, "आज काय सडवलंस?" म्हणायची आणि बाहेरच्या नळावर हात धुवायला लावायची. तो वास सडक्या कोबीचा, जळक्या रबराचा, कधी कच्च्या बदामाचा असायचा. कपड्यांना, केसांना चिकटून बसमध्येही तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवायचा. त्या रिकाम्या जागेचीसुद्धा तिला अलीकडे आठवण येऊ लागली होती.

ते एन्झाइम फुप्फुसातलं. शरीरात कुठे जखम झाली की धागे ओढून टाके घालायचं त्याचं काम. पण काही माणसांच्या फुप्फुसात ते थांबायचं विसरतं. जखम नसली तरी शिवत राहतं, शिवत राहतं, आणि मऊ जाळीचं हळूहळू गोणपाट होतं. माणूस दोन पायऱ्या चढला की दम लागून बसतो. त्या एन्झाइमच्या अंगात एक खळगा असतो, तिथेच ते धागा पकडून टाका घालतं. त्या खळग्यात नेमका बसेल असा एक लहानसा रेणू बनवायचा, की त्याला धागा धरताच येऊ नये, इतकंच त्यांचं काम होतं. कुलूप-किल्लीचं उदाहरण लोक देतात, ते तिला कधी आवडलं नाही. कुलूप श्वास घेत नाही. हा खळगा घ्यायचा. क्षणभर रुंद व्हायचा, क्षणभर मिटायचा, त्याच्या तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब हट्टानं बसून असायचे आणि त्यांना उठवल्याशिवाय आत कुणाला जागा नसायची. पडद्यावर तो खळगा बघत ती इतका वेळ बसायची, की डोळे मिटले तरी दिसत राहायचा, एखाद्या ओळखीच्या खोलीसारखा. इथे कोनाडा, इथे उंबरा, इथे डोकं आपटेल. मग ती एक रेणू बनवायची. कधी आठवड्यात व्हायचा, कधी महिनाभर छळायचा. त्याची चिमूटभर पांढरी पूड इवल्याशा बाटलीत घालून वहिनींकडे न्यायची आणि आपल्या टेबलाशी येऊन फोनकडे बघत बसायची.

"गेली गं," वहिनी फोनवर म्हणायच्या. कुणीतरी वारल्यासारखा आवाज काढून.

"अजिबात नाही?"

"दारातसुद्धा उभी राहिली नाही. एन्झाइम मजेत शिवतंय."

एक इतका तेलकट निघाला की पाण्यात उतरेच ना. एक खळग्यात छान बसला, पण यकृतानं त्याचा तासाभरात भुगा केला. एकाच्या कोपऱ्यावरचा एक अणू बदलला, तर तो बसला आणि शेजारच्या चार निष्पाप एन्झाइमांनाही जाऊन चिकटला. "ही फारच मनमिळाऊ आहे," वहिनी म्हणाल्या, "हिला घरात ठेवण्यात अर्थ नाही." गटाचे प्रमुख होते आजोबा. चाळिशीतच डोकं पांढरंशुभ्र झालं म्हणून हे नाव, आणि त्यांनीही ते लटक्या रागानं स्वीकारलेलं. ते रोज सकाळी दारातून डोकं घालून विचारायचे, "काय, कुणाला दिवस गेलेत का?" त्यांच्या असल्या बोलण्याला ती आधी लाजायची, मग सरावली. अशी किती वर्षं गेली. मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं शाळेत गेली. तिला बघायला आलेल्या एका मुलानं विचारलं, तुम्ही नक्की काय करता? ती एन्झाइमबद्दल इतका वेळ बोलली, की त्याच्या काकांना डुलकी लागली. ते ऐकून वहिनी खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या होत्या.

आणि मग एका पावसाळी, कंटाळवाण्या दुपारी फोन वाजला, आणि वहिनी काही बोलल्याच नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता.

"वहिनी? गेली का?"

"तू इकडे ये."

ती धावत गेली. यंत्राच्या पडद्यावर एन्झाइमची रेघ चढता चढता वाकली होती आणि मग सपाट झाली होती. टाके थांबले होते. वहिनींनी तीच चाचणी तीनदा केली होती, तोवर फोन केला नव्हता. त्या मालिकेतला तो शेवटचा रेणू. आणखी बनवायचं तिच्या मनातही उरलं नव्हतं, नाइलाजानं बनवलेला. "शेंडेफळ निघालं गं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बाटलीवर बोटाच्या टोकानं हलकेच थोपटलं. "धाकटी." कंपनीच्या कागदांवर तिला लांबलचक आकडा होता, पण त्या दिवसापासून तो कुणी उच्चारला नाही. धाकटी उंदरांत गेली, कुत्र्यांत गेली, दोन वर्षं ती कुठे कुठे हिंडली, सगळीकडून सुखरूप परत आली. वहिनींनी एन्झाइमची खोली दुसऱ्या कुणावर सोपवली आणि त्या धाकटीच्या मागे गेल्या. रक्तात ती किती उतरते, किती वेळ टिकते, ते मोजायच्या कामावर. "लेक सासरी गेली की आईनं एखादी फेरी मारावी लागते," म्हणाल्या.

चाचणीला आलेल्या धडधाकट माणसांना पहिल्यांदा ती द्यायची ठरली, त्या सकाळी पुडीला ओल लागली की काय अशी ऐनवेळी शंका निघाली. कुणीतरी रसायनवाल्यानं चाचणीच्या दवाखान्यात जाऊन खात्री करून द्यायला हवी होती. आजोबा म्हणाले, "तूच जा. बाळंतपण तुझं आहे." पूड ठणठणीत होती. खरं तर त्यानंतर तिनं परत फिरायचं, पण मार्गिकेत एका खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून हाक आली.

"ताई, तुम्ही नव्या डॉक्टर का?"

पलंगावर मांडी घालून एक तरणा माणूस बसला होता. पाट्या रंगवायचा धंदा, ते त्यानं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. इथल्या भिंतीवरचा फलक किती वाईट अक्षरात लिहिलाय हेही सांगितलं.

"नाही, मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "हे औषध... मी बनवलंय. म्हणजे, आम्ही बऱ्याच जणांनी."

"तुम्ही? हातानं?"

"हो."

"मग सांगा, कडू आहे का?"

"कॅप्सूल आहे. चव कळणार नाही."

"म्हणजे तुम्हीही चाखलेली नाही!" आणि त्याचे खांदे हलायला लागले, आवाज न करता, इतके की पलंग करकरला. परिचारिकेनं त्याला दटावलं, पाण्याचा पेला हातात दिला. त्यानं कॅप्सूल जिभेवर ठेवली, तिच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि गिळली. मग शाळेतल्या मुलासारखा मोठ्ठा आ करून, जीभ वर उचलून तोंड रिकामं असल्याचं परिचारिकेला दाखवलं. तिला दार लावून घ्यायला सांगण्यात आलं. ती बाहेर येऊन आवारातल्या बाकावर बसली. ऊन होतं, माळी नळी धरून उभा होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर आता कॅप्सूल उघडली असेल, आता धाकटी आतड्याच्या भिंतीतून आत शिरली असेल, यकृताच्या दारात तिला अडवलं असेल आणि सोडलं असेल, आता ती त्या मोठ्या लाल गर्दीत एकटीच वाहत असेल आणि पोचेल, कुठल्याही क्षणी पोचेल त्या ओळखीच्या खोलीशी, असं चित्र सरकत होतं. तिला रडू आलं. माळ्यानं नळी दुसरीकडे फिरवली. त्याला वाटलं, हिचं कुणीतरी आजारी असावं.

तो माणूस तिला पुन्हा दिसला नाही. पण तिनं त्याला मनातून सोडलं नाही. धाकटी पुढे खऱ्या रुग्णांना दिली गेली, वर्षभर दिली गेली, आणि मग सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावून आजोबांनी सांगितलं की ती एन्झाइमला अचूक पकडते, कुणाला काही अपाय करत नाही, आणि तिचा काही उपयोग नाही. फुप्फुसं कडक होत राहिली होती. टाके घालणारा दुसराच कुणीतरी होता. ज्याला त्यांनी इतकी वर्षं चोर म्हणून धरून ठेवलं, तो बिचारा नुसता तिथे उभा होता. आजोबा हे सांगताना टेबलाच्या कडेवरून अंगठा पुढेमागे फिरवत होते. मग गट मोडला. आजोबा दुसऱ्या शहरी गेले, वहिनींची खोलीच बंद झाली, तिला कागदाच्या कचेरीत पाठवलं. भांडण नाही, रुसवा नाही, पण वहिनींना भेटायला जायचं म्हटलं की तिला दुसरं काम आठवायचं, आणि तिकडेही तसंच होत असावं. एकमेकींकडे बघितलं की मधे धाकटी बसलेली दिसायची. सणासुदीचे निरोप चालू राहिले, मग तेही विरळ झाले. त्या सगळ्या रिकामेपणात तिला एकच गोष्ट हातात धरता यायची. माणसाच्या देहात धाकटी पहिल्यांदा गेली ती मी पाहिली. त्याचं तोंड, त्याची जीभ, ते हसणं. निदान एका माणसात, एका सकाळी, ती जे करायला जन्मली होती ते तिनं केलं.

"ताई, काही हवंय का? मघापासून उभ्या आहात," शिडीवरचा माणूस म्हणाला.

ती शिडीजवळ गेली. "तुम्ही... फार पूर्वी... औषधाच्या चाचणीला होतात का? फुप्फुसाच्या?"

तो खाली उतरला. डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याचा चेहरा उघडला. "कडू नाही म्हणालेल्या! तुम्ही?"

दुकानदारानं बाक पुढे सरकवला, चहा मागवला. रंगारी भडाभडा बोलू लागला. तिथलं जेवण कसं अळणी होतं, दर तासाला रक्त घेऊन हाताची चाळण कशी केली होती, घरी गेल्यावर बायकोनं कसं फैलावर घेतलं. मुलगी झाली तेव्हा त्यानं घाबरून तिथल्या डॉक्टरांना जाऊन विचारलं होतं, त्या औषधानं बाळाला काही होणार नाही ना.

"मग?"

"मग काय, डॉक्टर हसले. म्हणाले, आता सांगायला हरकत नाही, तुला औषध दिलंच नव्हतं. तुझी पोकळ होती. नुसतं पीठ." त्याचे खांदे हलायला लागले. "पीठ! आणि मी आठवडाभर छातीवर हात ठेवून झोपत होतो, काही होतंय का बघायला."

तीही हसली. हसायलाच हवं होतं. पहिल्या दिवशी दोघांना कॅप्सूल देतात, एकाला खरी आणि एकाला पोकळ, आणि कुणाची कुठली हे कुणालाच सांगत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? हे काम करणाऱ्या कुणालाही ते माहीत असतं. पण माहीत असणं डोक्यात कुठेतरी एका बाजूला पडून राहिलं होतं आणि आ केलेलं तोंड दुसऱ्या बाजूला, आणि वीस वर्षांत त्या दोघांची गाठ पडली नव्हती. चहा गरम होता, तिनं तो बाकावर ठेवून दिला. आवारातला तो बाक, ते ऊन, आतड्यातून यकृतात, यकृतातून रक्तात... त्या सगळ्या वाटेनं चिमूटभर पीठ गेलं होतं.

तो हसायचा थांबला. "ताई, तुम्हाला वाईट वाटलं?"

"छे, छे."

"वाटलं." त्यानं रंगाचा हात पँटला पुसला. काहीतरी देणं लागत असल्यासारखा तो अवघडला. मग म्हणाला, "पण एक सांगतो. खोटी असेल, पण मी गिळली खरी समजूनच. तुमच्यासमोर, अगदी मनापासून."

"ते मी पाहिलंय," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरा सावरला. मुलगी आता काय करते ते तिनं विचारलं. नकाशे काढते, तो अभिमानानं म्हणाला, अक्षर बापापेक्षा चांगलं आहे.

घरी येऊन तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. नवरा आतून म्हणाला, "आलीस का? आज उशीर?" तिनं नुसतं "हं" केलं. लग्न त्यांचं उशिराच झालेलं, धाकटीनंतर. ते सगळं त्याला ऐकून माहीत होतं, एखाद्यानं दुसऱ्याच्या गावाबद्दल ऐकावं तसं. तिनं वहिनींचा नंबर लावला. बदलला असेल, नाही लागणार, असं मनाशी म्हणत. लागला. पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता, पण घाई तीच.

"बोल गं. कोण गेलं?"

"कुणी नाही, वहिनी. सहज."

"सात-आठ वर्षांनी सहज?"

मग तिनं सांगितलं. शिडी, खांदे, चहा, पीठ. सांगता सांगता तिला स्वतःचाच राग आला. पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"वहिनी?"

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"अगं, रक्त माझ्याकडेच येत होतं ना मोजायला. दोघांच्या बाटल्या आलेल्या. पहिल्याची रेघ शेवटपर्यंत सपाट, म्हणजे रक्तात धाकटी नाहीच. काहीच नाही. तू तर आल्या आल्या सांगितलं होतंस, रंगारी पहिला, रंगारी पहिला. तेव्हा बोलायची बंदी होती. नंतर सांगणार होते. पण तू त्याचं इतकं सांगायचीस, तो कसा हसला, जीभ कशी दाखवली... मग सगळं बंद पडलं. तुझ्याजवळ तेवढंच राहिलं होतं. ते कशाला काढून घ्यायचं?"

ती दाराजवळच जमिनीवर बसली. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, थांबत थांबत. वीस वर्षं वहिनी ही गोष्ट जपून बसल्या होत्या. ती मात्र समजत होती, की त्या दूर गेल्या.

"आणि दुसरा?" तिनं विचारलं.

"दुसऱ्यात होती की."

दुसऱ्या पलंगावर कुणीतरी असणारच. ती त्याच मार्गिकेतून गेली होती, त्याच्या दारावरून गेली असणार. तिनं आठवायचा खूप प्रयत्न केला. चेहरा नाही, हात नाहीत, आवाज नाही. धाकटी ज्याच्यात गेली त्याच्याकडे तिनं बघितलंच नव्हतं.

"तो कोण होता?"

"ते मला कसं माहीत असणार? माझ्याकडे रक्त येत होतं गं, माणसं नाही. पण ती मला दिसली. रेघ सरळ चाललेली, चाललेली, आणि मग उठली. एवढीशी. लगेच ओळखली मी. दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. खोलीत एकटी होते. तुला हाक मारायला उठले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. नियम ना."

"मग काय केलंत?"

"काय करणार? डबा उघडला आणि जेवले. दोन घास जास्तच."

हसू आणि रडू एकदमच आलं. आतून नवरा येऊन दारात उभा राहिला, तिला जमिनीवर बघून काही विचारणार होता, तिनं हातानंच थांब म्हटलं. तो पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवून गेला.

"वहिनी, मला सगळं सांगा," ती म्हणाली. "कधी उठली, कुठवर गेली, किती वेळ होती. सगळं."

"आत्ता?"

"आत्ता."

"थांब मग, दूध उतरवून येते." फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. सावकाश जाणारी पावलं, भांडं, परत येणारी पावलं, खुर्ची ओढल्याचा आवाज. म्हातारपणी गुडघे वाकवताना निघतो तसा एक सुस्कारा.

"हं," वहिनी म्हणाल्या, "तर सकाळच्या पहिल्या बाटलीत ती नव्हतीच. मी म्हटलं, ही कसली येतेय. पण दुसरी बाटली लावली, आणि ऐक..."